अर्ज, बाण आणि रानडुक्कर

माझं म्हणणं अगदी साधं आहे आणि ते मी कुठल्याही चौकात उभा राहून सांगायला तयार आहे. रानडुकराला धनुष्यबाणाने मारायला निघालेल्या माणसाला कुणी तरी थांबवलं पाहिजे. डुकराच्या प्रेमापोटी नव्हे. डुकराचा मला काडीचा कळवळा नाही. सुर्जीच्या बाहेर माझं साडेचार एकर वावर आहे आणि गेल्या तीन हंगामांत त्यातल्या मक्याचा आणि हरभऱ्याचा पहिला मान डुकरांनी घेतलेला आहे. उरलंसुरलं मी घरी आणतो. तेव्हा या लेखाच्या शेवटी मी 'मुक्या जनावरांवर दया करा' असं काही तरी म्हणणार, अशी कुणाची समजूत होत असेल तर त्यांनी पान उलटावं.

पण डुकरावर राग असणं वेगळं आणि डुकराची हौस असणं वेगळं. आमच्या भाचेबुवांना डुकराची हौस आहे.

भाचेबुवा पुण्याला असतात. संगणकाच्या कंपनीत आहेत. वर्षातून दोनदा अंजनगावला येतात, एकदा दिवाळीला आणि एकदा कुणाच्या तरी लग्नाला. गेल्या खेपेस ते एक लांबलचक काळी पेटी घेऊन उतरले. आमच्या हिला वाटलं, सतार शिकायला लागला. पेटी उघडली तर आत धनुष्य! आता धनुष्य म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर रामाच्या तसबिरीतलं धनुष्य येतं. हे तसलं नाही. याच्या दोन्ही टोकांना लहान मुलाच्या सायकलची असावीत तशी चाकं, मधे तीन पदरी दोरी, वर दुर्बिणीसारखं काही तरी आणि बाजूला बाण ठेवायचा चिमटा. याला कंपाऊंड धनुष्य म्हणतात म्हणे. किंमत त्यानं मला एक सांगितली, आईला तिच्या निम्मी सांगितली.

"मामा, यंदा पहिली शिकार. आपल्याच वावरात. तुमचा डुकरांचा त्रासही जाईल."

म्हणजे हा उपकारही माझ्यावरच!

अंजनगाव सुर्जी हे गाव तुम्हाला माहीत असेल तर ते शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकामुळे. 1803 साली 15 डिसेंबरला इंग्रजांनी गाविलगड घेतला आणि 30 डिसेंबरला दौलतराव शिंद्यांनी आमच्या गावी तह केला. तेव्हापासून आम्ही शस्त्रांच्या भानगडीत फारसे पडलेलो नाही. नागवेलीचे पानमळे, पानपिंपळी, संत्रा, कपाशी, तूर आणि देवनाथ मठातलं भजन, इतका आमचा कारभार. उत्तरेला सातपुड्याची निळी ओळ दिसते, तिच्या पोटात मेळघाट. पूर्वी आमचे वडील म्हणत, डुकरं डोंगरातून उतरतात. आता ती उतरत नाहीत, कारण ती चढतच नाहीत. नाल्याकाठच्या बाभळीत, पडीत जमिनीत, छातीच्या वर गेलेल्या तुरीत त्यांचं बाळंतपण होतं, तिथेच पिल्लं वाढतात आणि रात्री शेजारच्या वावरात जेवायला जातात. मेळघाटात वाघ आहे, त्याच्या दाढेखाली राहण्यापेक्षा आमच्या हरभऱ्यात राहणं त्यांना बरं वाटत असेल तर त्यांची अक्कल काढता येत नाही. कायद्याच्या पुस्तकात मात्र ती अजून 'वन्य' आहेत.

तर भाचेबुवांची तयारी. पहिला आठवडा नेमबाजीत गेला. गोठ्याच्या मागे कडब्याच्या पेंढ्या रचून त्यावर कोळशानं डुक्कर काढलं. चित्र इतकं बरं आलं होतं की आमची म्हैस दोन दिवस त्या बाजूला फिरकली नाही. वीस पावलांवरून दहातले सात बाण डुकराला, दोन कडब्याला आणि एक आमच्या न्हाणीघराच्या पत्र्याला. मग कपडे आले. पानापानांची नक्षी छापलेला सदरा, तसलीच विजार, तसलीच टोपी. ती पानं कुठल्या झाडाची आहेत हे मला काही ओळखता आलं नाही, पण विलायती झाडाची असावीत. आमच्या वाळलेल्या पऱ्हाटीत तो उभा राहिला की अर्ध्या मैलावरून कळायचं की इथे एक माणूस लपला आहे.

त्यानंतर वासाचं प्रकरण. रानडुकराची नजर बेताची, पण नाक भयंकर, हे मात्र खरं आहे. म्हणून भाचेबुवांनी तीन दिवस साबण सोडला. कपडे कडुलिंबाच्या पाल्यात पुरून ठेवले. आमची बहीण म्हणाली, "लग्नाचं पाहून राह्यलो त्याचं, अन् हा आंघोळच करत नाही!" वारा कुठून वाहतो ते पाहायला तो चिमूटभर राख हवेत उडवायचा. ती बहुतेक वेळा माझ्या चहात पडायची.

हे सगळं होत असताना आमच्या सालदाराचे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, बिडी ओढत पाहत बसायचे. सत्तरी उलटलेला माणूस. त्यातली पन्नास वर्षं तरी रात्री जागलीवर गेलेली. एक दिवस त्यांनी विचारलं, "बाबू, बाण लागल्यावर डुक्कर पडते का जाग्यावर?"

"नाही आबा, थोडं पळते."

"किती?"

"शंभर-दीडशे मीटर. मग रक्ताचा माग काढत जायचं."

"रातचं? तुरीत?"

भाचेबुवांनी उत्तर दिलं नाही. मला विचाराल तर साऱ्या वादाचा निकाल तिथेच लागला होता.

बंदुकीची गोळी हाड फोडते, धक्का देते. बाणाचं काम निराळं. त्याचं पातं आत जाऊन कापतं आणि जनावर रक्तस्रावानं मरतं. काळजात किंवा फुप्फुसात बसला तर लवकर, नाहीतर तासांनी, नाहीतर मुळीच नाही. त्यातून जुन्या नराच्या खांद्यावर चिवट कातडीची जाड ढाल असते. नर आपसात झुंजतात, त्यासाठी निसर्गानं दिलेलं ते चिलखत आहे. त्यात बाण अडकला तर डुक्कर मरत नाही, फक्त चिडतं. मन भरेल इतकं चिडतं. आणि मग ते बसतं कुठे? तर तुरीत. पहाटे त्या तुरीच्या धुऱ्याने कोण येतं? हरभऱ्याचं निंदण करायला, कापूस वेचायला बाया येतात. डोक्याला फडकं, कमरेला ओटी, हातात विळा. त्यांतल्या कुणी पानापानांचा सदरा घातलेला नसतो. जखमी डुकराचा सुळा मांडीत शिरला तर काय होतं हे मी इथे लिहीत नाही. भाचेबुवा तोवर रविवारच्या गाडीनं पुण्याला गेलेले असतात आणि सोमवारी त्यांची मीटिंग असते.

हौसेविरुद्ध माझी तक्रार आहे ती ही. चुकलेल्या नेमाची किंमत नेम धरणारा देत नाही.

भाचेबुवांचं म्हणणं, हे आपल्या परंपरेतच आहे. भिल्लांपासून अर्जुनापर्यंत. भिल्लांचं सोडा, त्यांच्या पोटाचा प्रश्न होता आणि ते रान ओळखत होते. अर्जुनाचं मात्र बघण्यासारखं आहे. महाभारताच्या वनपर्वात अर्जुन तप करीत असताना मूक नावाचा दैत्य डुकराच्या रूपात त्याच्यावर चालून येतो. अर्जुन बाण सोडतो. त्याच क्षणी किराताच्या वेषातले शंकरही बाण सोडतात. डुक्कर मरतं आणि दोघांत भांडण जुंपतं, डुक्कर कुणाच्या बाणानं मेलं? बाणांनी, धनुष्यांनी, शेवटी मुठींनी मारामारी. म्हणजे आपल्याकडच्या बाणाच्या डुकराच्या सर्वांत नामांकित शिकारीतसुद्धा पुढची भानगड जनावराच्या मालकीची निघाली. आज तेवढी भानगड उरलेली नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972, कलम 39: परवानगीनं मारलेलं जनावर सरकारचं. अर्जुनही नाही, किरातही नाही.

हा कायदा मी वाचला. निवृत्त मास्तराला रिकामा वेळ असतो. भाचेबुवांची समजूत अशी की बंदुकीला परवाना लागतो, धनुष्याला लागत नाही, म्हणजे मोकळं रान. कायद्यानं मात्र 'शस्त्र' या शब्दाची व्याख्या करताना धनुष्यबाणाचं नाव घेऊन ठेवलंय. बंदूक, जाळं, फास, विष यांच्याच पंगतीत त्याला बसवलंय. कलम 9 म्हणतं, शिकार करायची नाही. कलम 11 म्हणतं, उभ्या पिकाला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी कारणं लिहून लेखी परवानगी देऊ शकतो. 2022 साली कायदा सुधारला, 1 एप्रिल 2023 पासून तो लागू झाला आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत जाऊन बसलं. त्याच कलमात आणखी एक गंमत आहे. जनावर अंगावर आलं आणि जीव वाचवायला मारलं तर गुन्हा नाही. परंतु (कायद्यातला जीव नेहमी 'परंतु'त असतो) त्या वेळी तुम्ही स्वतःच कायदा मोडत असाल तर ही सवलत नाही. म्हणजे भाचेबुवा विनापरवाना मचाणावर बसले, मचाण मोडलं आणि खालचं डुक्कर अंगावर आलं, तर त्यांनी कायदेशीररीत्या नेमकं काय करायचं? माझ्या मते पळायचं. पळायला मनाई नाही.

"पण मामा, अमेरिकेत तर—" हे वाक्य येणारच होतं. त्याच्या मोबाईलवर तिकडचे दाढीवाले लोक झाडावर खुर्ची बांधून बसतात आणि डुक्कर पाडून एकमेकांना टाळ्या देतात. अरे बाबा, तिकडचं डुक्कर तिकडचं नाही. ते स्पेनच्या लोकांनी जहाजात घालून नेलं, पुढे ते रानात सुटलं आणि माजलं. टेक्सासमध्ये ते बारा महिने मारायला मोकळीक आहे. आपलं डुक्कर इथलंच आहे, तुझ्या-माझ्या आधीचं. रामटेकच्या गडावर वाकाटकांच्या काळातला दगडी वराह उभा आहे. त्याच्या पोटाखालून जो निसटेल तो पुण्यवान, अशी लोकांची समजूत. माझ्या एका सहकाऱ्यानं तिथे प्रयत्न केला होता. त्याच्या पुण्याची गोष्ट नंतर कधी तरी सांगेन, पोटाची आत्ताच कळली असेल.

दुसरा दाखला तिरंदाजीचा. "अमरावती म्हणजे धनुर्धरांचं गाव आहे मामा. प्रवीण जाधव अमरावतीतच तयार झाला आणि टोकियो ऑलिम्पिकला गेला. आपल्या नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी 2023 ला बर्लिनमध्ये जगज्जेते झाले." हे सारं खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण ऑलिम्पिकचं लक्ष्य सत्तर मीटरवर उभं असतं आणि उभंच राहतं. ते हरभरा खात नाही. त्याला बाण लागला की ते तुरीत पळत नाही. आणि चुकला तर गुण जातो, एखाद्या बाईची मांडी जात नाही. पोरांनी ती विद्या जरूर शिकावी. डुकराला त्यात कशाला ओढायचं?

आता त्याचा शेवटचा मुद्दा. तो बिनतोड वाटावा असा होता. "मामा, तुम्ही नुसत्या तक्रारी करता. मी निदान काही तरी करून राह्यलो ना!" मी कागद-पेन्सिल घेतली. मादी चार महिन्यांच्या आत विते, एका वेताला चार-सहा पिल्लं. कळपात अशा तीन-चार माद्या. भाचेबुवांची सुट्टी वर्षाला दहा दिवस, त्यातले चार पाहुण्यांचे. कडब्यावर दहातले सात लागतात, अंधारात हलत्या डुकराला किती लागतील ते त्यानंच सांगावं. हा हिशेब पुरा केला तर माझं वावर मोकळं व्हायला जो काळ लागेल, तोवर या गावाच्या इतिहासात आणखी एक तह होऊन जाईल.

म्हणून मी सरकारची बाजू घेतो असं मात्र नाही. उलट भाचेबुवांना धनुष्य सुचलं यात कागदी कारभाराचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्र सरकारनं 2015 साली पिकं नासवणाऱ्या रोही आणि रानडुकरांना मारण्याच्या परवानगीबद्दल निर्णय काढला. छान झालं. पण परवानगी मिळाल्यावर मारायचं कशानं? कागदानं? गावात परवान्याच्या बंदुका किती आणि त्या धरणारे हात किती स्थिर, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात निवडणूक आली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा. 2024 साली विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं. नोव्हेंबर म्हणजे तूर फुलावर, हरभरा कोंबावर. डुकरांनी मात्र कुठे काही जमा केलं नव्हतं. आचारसंहिता त्यांना लागू नाही.

नुकसानभरपाईसाठी मी अर्ज केला होता. कार्यालयाचं नाव सांगत नाही, मला त्या रस्त्यानं रोज जावं लागतं. सातबारा दिला, नकाशा दिला, बँकेच्या पुस्तकाची प्रत दिली. पंचनाम्याला साहेब आले तेव्हा मधे पाऊस होऊन गेला होता.

"ठसे दिसत नाहीत."

"पावसानं गेले."

"मग डुकरंच होती कशावरून?"

"साहेब, मका खाल्ला, मुळं उकरली, लोळले आणि गेले. पाहुणे असते तर निदान चहा मागितला असता."

ते हसले. माणूस वाईट नव्हता. त्याच्याकडे पन्नास गावं आणि एक मोटारसायकल. पैसे आले, पण बियाणं आणि पाळीचा खर्चही त्यात निघाला नाही. ज्या शेतकऱ्यानं पीक कर्ज काढलेलं असतं त्यानं त्या रकमेकडे पाहून हसावं की रडावं हे त्याचं त्यानं ठरवावं.

मग लोक आपापले उपाय करतात. न्हाव्याकडून केस आणून धुऱ्यावर पसरतात, डुक्कर हुंगतं आणि शिंकून परततं, असं म्हणतात. घरातली जुनी लुगडी वावराभोवती बांधतात. आमच्या शिवारात उन्हाळ्यानंतर अशी लुगडी लागतात की परक्या माणसाला वाटावं, गावाची धुणी एकदमच पडली. कुणी भोंग्यावर वाघाची डरकाळी लावतो. पहिल्या रात्री डुकरं पळतात, चौथ्या रात्री ती डरकाळीच्या तालावर जेवतात. कुणी सौर झटक्याचं कुंपण घालतो, ते खरंच चालतं, पण एकट्यानं घातलं तर डुकरं शेजाऱ्याकडे जातात आणि पिकाची भानगड माणसांची होते. आणि कुणी रात्री गुपचूप तारेत घरची लाईन सोडतो. इथे मात्र माझा विनोद संपतो. त्या तारेला डुक्कर कोणतं आणि माणूस कोणता ते कळत नाही. विदर्भात अशा तारांना चिकटून माणसं मेली आहेत, बैल मेले आहेत, वाघही मेले आहेत. कधी कधी मेलेला माणूस तार लावणाऱ्याच्याच घरातला असतो.

आणि शहरातून आम्हाला निसर्गाचा तोल शिकवणाऱ्यांनीही जरा दमानं घ्यावं. डुक्कर हे रानाचं नांगर आहे, माती उलथतं, बिया रुजवतं, वाघाचं भक्ष्य आहे, हे सगळं मी शाळेत शिकवलेलं आहे. पण तो नांगर माझ्या पेरलेल्या वावरातून फिरतो तेव्हा त्याची मजुरी मी का द्यावी? वाघ मेळघाटात आणि भक्ष्य माझ्याकडे, ही वाटणी कुणी केली? रान सगळ्यांचं असेल तर त्याचं बिलही सगळ्यांनी वाटून घ्यावं.

मारायचीच असतील तर शिकवलेल्या, पगारी, बंदुकीवर हात बसलेल्या माणसांनी मारावीत, दिवस ठरवून, गावाला दवंडी देऊन, जखमी जनावराचा माग शेवटपर्यंत काढायची जबाबदारी घेऊन. कुंपण द्यायचं तर एका माणसाला नको, साऱ्या शिवाराला एकत्र द्या. आणि ओलिताला वीज दिवसा द्या. हे शेवटचं कुणाला डुकराशी संबंधित वाटत नाही. पण हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस रात्री बारा वाजता वावरात का असतो? कारण त्याची लाईट तेव्हा येते. डुक्कर आणि माणूस यांची गाठ घालून देण्याचं काम बऱ्याच अंशी वीजमंडळाच्या वेळापत्रकानं केलेलं आहे.

भाचेबुवांशी हे सगळं मी आठ दिवस बोललो. त्याला पटलं की तो कंटाळला हे सांगता येत नाही, दोन्हींत चेहरा सारखाच दिसतो. शेवटच्या रात्री आबा त्याला म्हणाले, "चाल बाबू, मचाणावर नको, जागलीले चाल माह्यासंगं. धनुष्य राहू दे." तो गेला. नोव्हेंबरची थंडी, खाली ओलिताचं पाणी, वर गोणपाट. पहाटे तीनपर्यंत दोघांनी डबा वाजवला. डुकरं आली, डबा ऐकून शेजारच्या वावरात गेली, तिथला डबा ऐकून परत आली. सकाळी भाचेबुवा घरी आले तेव्हा पानापानांच्या सदऱ्यावर चिखल होता आणि त्यांनी आधी साबण मागितला.

दुपारी पेटी बांधताना आबा दारात येऊन उभे राहिले.

"जाता काय, बाबू?"

"हो आबा. दिवाळीला येतो परत."

"या. धनुष्य घेऊन जा तुमचं. तो डोक्याले बांधायचा टॉर्च हाये ना, तेवढा ठेवून जा. आज आपली लाईट बारा वाजता हाये."